चावी कोणाच्या हातात? : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली



महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या आसपास, एक चावीवाला हमखास सापडतो. लाकडी पेटी, तारेत ओवलेल्या कच्च्या चाव्या, दोन-तीन कानशी आणि चावी कापायचे छोटे मशीन. गेल्या काही वर्षांत या पेटीत एक नवी वस्तू येऊन बसली आहे. हातभर केबल जोडलेला एक टॅब. केबलचे दुसरे टोक गाडीच्या स्टिअरिंगखाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये जाते. पडद्यावर गाडीचे मॉडेल आणि साल निवडायचे, इग्निशन चालू करायचे, नवी चावी जवळ धरायची आणि गाडीला ती 'शिकवायची'. कानशीचे काम आता दहा मिनिटांचे उरले आहे. खरी चावी त्या केबलमधून तयार होते.

या कारागिराला गाडी उघडून देण्याचा अधिकार कोणी दिला, आणि गाडीच्या मालकाला स्वतःच्याच गाडीचा कोड मागण्याचा अधिकार आहे की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे आज देशात कुठेही लिहिलेली नाहीत. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. विषय छोटा वाटेल, पण रात्री अकरा वाजता घाटाच्या पायथ्याशी, मुलेबाळे बरोबर असताना, खिसे चाचपडणाऱ्या माणसाला तो छोटा वाटत नाही.

चावी हरवल्यावर काय होते? जुन्या फियाट किंवा मारुती 800 च्या काळात चावीवाला गाडीपाशी यायचा, कुलपात कच्ची चावी फिरवून तिच्यावर उमटलेल्या खुणा बघायचा, तेवढ्या जागा कानशीने घासायचा आणि गाडी सुरू करून द्यायचा. आज एकच चावी हरवली आणि दुसरी घरी असली तर निभावते. दोन्ही गेल्या, किंवा जुनी गाडी घेताना मुळात एकच मिळाली होती आणि तीच गेली, तर त्या अवस्थेला बाजारात 'ऑल की लॉस्ट' म्हणतात. मग गाडी टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यायची. आरसी, ओळखपत्र आणि पोलिसांतली हरवल्याची नोंद द्यायची. चेसिस नंबरवरून चावी मागवली जाते, ती येईपर्यंत थांबायचे, आल्यावर प्रोग्रामिंग. काही मॉडेलना तर इमोबिलायझरचे, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, कंट्रोल युनिटच बदलावे लागते. स्मार्ट चावीसाठी पाच आकडी रक्कम मोजावी लागली, असे सांगणारे गाडीमालक प्रत्येक गावात भेटतील. त्या रकमेत वस्तू किती, मजुरी किती आणि संगणकावर कोड काढण्याचे पैसे किती, हे बिलावर क्वचितच वेगळे दिसते.

या चावीत असते तरी काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे. फ्लिप चावीचे प्लास्टिक नाण्याच्या कडेने उघडले की आत दोन वेगवेगळ्या वस्तू दिसतात आणि बहुतेक लोक त्या एकच समजतात. एक आहे रिमोट. हिरवी पट्टी, तिच्यावर बटणे, मागे नाण्यासारखा सेल. दार उघडणे आणि बंद करणे एवढेच तिचे काम. भारतात आणि युरोपात ती साधारण 433.92 मेगाहर्ट्झवर बोलते. दुसरी वस्तू बहुतेक चाव्यांत कोपऱ्यात खोबणीत बसवलेली असते. बारा मिलिमीटर लांब, सहा रुंद, तीन जाड, पाटीवरच्या पेन्सिलीचा तुटका तुकडा वाटावा अशी काळी चिप. तिला सेल नसतो, तार नसते. चावी इग्निशनमध्ये घातली की कुलपाभोवतीचे तांब्याचे वेटोळे सुमारे 125 किलोहर्ट्झची लहर सोडते, त्या लहरीतूनच चिपला क्षणभर वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. गाडीच्या संगणकाने ओळख मान्य केली तर इंजिनाला इंधन मिळते. नाही केली तर स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. काही गाड्यांत स्टार्टरही फिरत नाही.

हा फरक ठाऊक नसल्यामुळे लोकांचे पैसे जातात. रिमोट चालेनासे झाले की 'चावी गेली' म्हणून नवी घेतली जाते, आणि खरे तर संपलेला असतो सेल. बहुतेक वेळा तो सीआर 2032 निघतो. नावातच माप आहे: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. स्मार्ट चावीचा सेल पूर्ण मेला तरी तिच्या पोटात लपवलेले धातूचे पाते बाहेर काढून ड्रायव्हरचे दार उघडता येते. दाराच्या हँडलवर चावीचे भोक दिसत नसेल, तर ते टोपणाखाली असते. आत बसून चावी स्टार्ट बटणाला टेकवली की बहुतेक गाड्या सुरू होतात, कारण बिनसेलची ती चिप अजून जिवंत असते. हे सगळे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. पण नव्या गाडीला हार घालून पेढे वाटले जातात त्या दिवशी कोणीतरी हे एकदा करून दाखवायला हवे. पाच मिनिटांचे काम आहे.

इमोबिलायझर नको, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात गाडीचोरीने कळस गाठला होता. युरोपीय संघाने 1995 च्या निर्देशाने ही व्यवस्था बंधनकारक केली आणि ऑक्टोबर 1998 पासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींत ती आली. ऑस्ट्रेलियाने 2001 मध्ये आणि कॅनडाने 2007 मध्ये तोच मार्ग धरला. तिन्हीकडे चोऱ्या मोठ्या प्रमाणात घटल्या. अमेरिकेने मात्र अशी सक्ती केली नाही. तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या आकडेवारीनुसार 2015 च्या मॉडेल वर्षात इतर कंपन्यांच्या 96 टक्के मोटारमालिकांत इमोबिलायझर मूळ साधन म्हणून होता. ह्युंदाई आणि किया यांच्या बाबतीत हे प्रमाण 26 टक्के होते. पुढे 2021-22 मध्ये या गाड्या चोरण्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरले, शाळकरी मुले गाड्या पळवू लागली आणि दोन्ही कंपन्यांना 2023 मध्ये मिळून सुमारे 83 लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर करावी लागली. पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या चिपची किंमत काय असते, ते त्या दोन वर्षांत अमेरिकेला कळले.

तेव्हा आक्षेप चिपला नाही, तिच्याभोवतीच्या गुप्ततेला आहे. ही गुप्तता चोराला अडवण्यासाठी आहे, असे कंपन्या सांगतात. गेल्या वीस वर्षांचा इतिहास वेगळेच सांगतो. 2005 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी लाखो गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचा 40 बिटांचा कोड फोडून दाखवला. 2012 मध्ये हायटॅग-2 या चिपची तीच गत झाली आणि संशोधकांनी निबंधाच्या शीर्षकातच वेळ सांगितली: 360 सेकंद. मेगामोस नावाच्या तिसऱ्या चिपवरचा निबंध छापून येऊ नये म्हणून फोक्सवॅगनने 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयातून मनाई मिळवली. दोन वर्षांनी, एक वाक्य वगळून, तो निबंध प्रसिद्ध झालाच. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या तिघांनी तर कोड फोडण्याचीही गरज नाही हे दाखवून दिले. घरात टांगलेल्या स्मार्ट चावीची लहर एका यंत्राने उचलायची आणि दुसऱ्या यंत्राने बाहेर उभ्या गाडीपर्यंत पोचवायची. 2011 मध्ये मांडलेल्या त्यांच्या निबंधात आठ उत्पादकांची दहा मॉडेल होती. दहाही उघडली, दहाही सुरू झाली.

चोरांकडे यंत्रे आहेतच. दिल्लीसह अनेक ठिकाणच्या पोलिसांना गाडीचोरांच्या टोळ्यांकडे चावी प्रोग्रामिंगची यंत्रे सापडली आहेत. ब्रिटन सरकारने 2025 च्या फौजदारी विधेयकात, गाडीचोरीसाठी वापरता येणारी अशी इलेक्ट्रॉनिक साधने सबळ कारणाशिवाय बाळगणे हाच गुन्हा ठरवण्याचा प्रस्ताव ठेवला. म्हणजे सध्याच्या गुप्ततेत चोराला वाट मिळते आणि अडतो तो आरसी हातात घेऊन उभा असलेला खरा मालक. अडतो तो सरळमार्गी चावीवालाही. त्याच्या हातातला टॅब आणि टोळीच्या हातातला टॅब एकाच बनावटीचा असू शकतो, आणि दोघांत फरक करणारा एकही कागद सरकारने अजून तयार केलेला नाही.

असा कागद तयार करता येतो. कॅलिफोर्नियाने 2006 मध्ये केवळ मोटारीच्या चावीसाठी एक कायदा केला. सिनेटर कॅरोल मिग्डेन यांचे ते विधेयक 2008 च्या आरंभापासून लागू झाले. गाडी विकणाऱ्या कंपनीने चावी बनवण्यासाठी लागणारी माहिती नोंदणीकृत कुलूपकारागिराच्या मार्फत मालकाला मिळण्याची सोय ठेवायची, तीही दिवसाचे चोवीस तास आणि आठवड्याचे सातही दिवस. कारागिराने मालकाची ओळख आणि गाडीची नोंदणी तपासायची आणि त्याची नोंद स्वतःकडे ठेवायची. आडरानात चावी हरवलेल्या बाईने सोमवारी सकाळी शोरूम उघडण्याची वाट पाहू नये, इतका साधा विचार त्यामागे होता. 'चोवीस तास' हे दोन शब्द कायद्यात आले आणि त्यांनीच सगळा फरक पाडला.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या मोटार उद्योगाच्या सेवाविषयक संस्थेने, एनएएसटीएफने, देशभरासाठी नोंदवही सुरू केली. कारागिराची पार्श्वभूमी तपासायची, परवाना आणि विमा पाहायचा, मगच त्याला कंपनीच्या संगणकावरून चावीचा आणि इमोबिलायझरचा कोड घेता येतो. प्रत्येक कोडमागे मालकाच्या ओळखीचा फॉर्म भरावा लागतो. उद्या ती गाडी चोरीला गेली तर कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून कोड काढला हे पोलिसांना समजते. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर 2012 मध्ये सुमारे 86 टक्के मतांनी मोटारदुरुस्तीचा हक्क मंजूर केला, तेव्हा इमोबिलायझरच्या माहितीसाठी तिथल्या कायद्याने याच सुरक्षित मार्गाचा आधार घेतला. युरोपीय संघानेही 2021 च्या नियमाने चोरीविरोधी यंत्रणांची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली केली. अट एकच: त्या कारागिराला मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेले असले पाहिजे. सर्मी या नावाची ती योजना 2023 पासून देशोदेशी लागू होत गेली.

आपल्याकडे यातले काहीच नाही, असेही म्हणता येत नाही. उलट आपल्याकडे एक निकाल आहे आणि त्याला दहा वर्षे उलटून गेली आहेत. जानेवारी 2011 मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशीत चौदा सापडल्या. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने या चौदा कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपये दंड केला. कंपन्यांचे म्हणणे होते की सुरक्षिततेसाठी आणि बौद्धिक संपदेसाठी हे निर्बंध आवश्यक आहेत. आयोगाला ते पटले नाही. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र कारागिरांना मिळण्याची व्यवस्था करा, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेश निघाले. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले. दंडाचे काय व्हायचे ते होवो. स्टिअरिंगखालचे ते सॉकेट कोणासाठी उघडे असावे, हा त्या निकालाचा गाभा होता, आणि चावीच्या बाबतीत तो गावातल्या पेटीपर्यंत अजून पोचलेला नाही.

आपल्याच खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी अशी चार क्षेत्रे तिने निवडली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू झाले. हे पाऊल खरोखर मोलाचे होते. मे 2025 मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल आला, तो मोबाइल आणि टॅबलेटपुरता. मोटारीची पाळी येईल तेव्हा इंजिन, ब्रेक, बॅटरी यांची चर्चा आपोआप होईल, कारण ते भाग डोळ्यांना दिसतात. चावी विसरली जाईल. म्हणून तिचा अर्ज आधीच करून ठेवलेला बरा.

जे कॅलिफोर्नियाला 2008 मध्ये कागदी फॉर्मने करावे लागले, ते भारतात आज त्याहून सोपे आहे. देशातल्या गाड्यांची नोंद 'वाहन' या केंद्रीय प्रणालीत आहे. डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधली आरसी 2018 पासून कायद्याने ग्राह्य आहे. गाडी कोणाची हे रस्त्यात उभ्या पोलिसाला मोबाइलवर पटवता येते, तर नोंदणीकृत चावीवाल्यालाही पटवता आले पाहिजे. मालकाने आपल्या फोनवरून संमती द्यायची, ओटीपी यायचा, कंपनीच्या सर्व्हरवरून त्या एका गाडीचा, त्या एका कामापुरता कोड कारागिराच्या यंत्रात उतरायचा आणि त्याची नोंद कायम राहायची. बँकेचे पैसे आपण याच विश्वासाने रोज हलवतो. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून चावीवाल्यांची नोंदणी झाली, तर त्यांच्या पेटीवर एक क्रमांक लागेल. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणाऱ्या माणसाला त्या क्रमांकाचे मोल किती असेल, हे त्याच्याशी दोन मिनिटे बोलल्यावर कळते. चावी बनवता बनवता तो स्वतःच सांगतो: ओळखपत्र पाहिल्याशिवाय गाडीला हात लावत नाही, कारण उद्या चौकीत आपल्यालाच बोलावतात.

आता जुन्या गाड्यांच्या बाजाराविषयी. इथे प्रश्न सगळ्यात बिकट आहे आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. गाडीचा संगणक एकाच वेळी अनेक चाव्या ओळखतो. काही गाड्यांत चार, काहींत आठ. आधीच्या मालकाने किती चाव्या केल्या, त्यातल्या किती परत दिल्या, ड्रायव्हरकडे एखादी राहिली का, हे नव्या मालकाला समजण्याचा मार्ग नसतो. त्याला दोन चाव्या हातात मिळतात आणि तो निश्चिंत होतो. ज्या टॅबने नवी चावी शिकवता येते त्यानेच जुन्या सगळ्या पुसून हातातल्या तेवढ्याच पुन्हा नोंदवता येतात. हरवलेली चावी मग दाराचे यांत्रिक कुलूप फार तर उघडेल, इंजिन सुरू करू शकणार नाही. नवे घर घेतले की लोक पहिल्या आठवड्यात कुलूप बदलतात. जुनी गाडी घेतल्यावर हे करायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

विम्याचा संबंध इथेच येतो. गाडी चोरीला गेली आणि दावा केला की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक आधीच हरवली असेल आणि त्याची कुठे नोंद नसेल, तर मालकावर निष्काळजीपणाचा, कधी त्याहून वाईट, संशय येतो आणि प्रकरण ग्राहक आयोगात जाऊन बसते. चावी बदलण्याचा खर्च देणारे वेगळे विमा कव्हर बाजारात मिळते, पण अनेकांना आपण ते घेतले आहे की नाही हेही ठाऊक नसते. चावी हरवल्याची नोंद, जुनी चावी संगणकातून पुसल्याचा दाखला आणि नव्या चावीचे बिल हे तीन कागद एकत्र असले, तर तो संशय उभाच राहणार नाही. आज जुनी चावी पुसल्याचा दाखला कोणीही देत नाही, कारण तसा नमुनाच अस्तित्वात नाही.

माननीय मंत्रीमहोदय, अनेक गाड्यांच्या नव्या चाव्यांबरोबर धातूची एक छोटी पट्टी येते. तिच्यावर चार-पाच अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. तो चावीच्या दात्यांचा क्रमांक. त्यावरून मूळ चावी डोळ्यांसमोर नसतानाही नवी कापता येते. बहुतेक घरांत ही पट्टी पहिल्याच महिन्यात ड्रॉवरच्या तळाशी जाते आणि गाडी विकताना कोणाला आठवत नाही. ती पट्टी ही जुन्या काळातल्या कारखानदारांनी मालकाच्या हक्काला दिलेली मान्यताच होती: कुलूप तुमचे, तर त्याचा क्रमांकही तुमचा. चिप आली आणि त्या पट्टीचे अर्धे काम निसटून कंपनीच्या सर्व्हरवर गेले.

मागणी एवढीच आहे. नवी गाडी ताब्यात देताना आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर एक मोहोरबंद पाकीट मालकाच्या हातात पडावे. त्यात चावीचा क्रमांक असावा, इमोबिलायझरचा पिन किंवा तो ओळख पटवून मिळवण्याचा मार्ग असावा आणि त्या दिवशी गाडी किती चाव्या ओळखते याचा आकडा असावा. गाडी विकली की पाकीट नव्या मालकाकडे जावे आणि आकडा पुन्हा तपासून लिहिला जावा. प्रत्येक मॉडेलच्या चावीची किंमत आणि प्रोग्रामिंगची मजुरी वेगवेगळी छापून दुरुस्तीच्या हक्काच्या त्याच पोर्टलवर लावली जावी. आणि एसटी स्टँडजवळच्या त्या पेटीवर, पोलीस पडताळणीनंतर, आपल्या खात्याने दिलेला नोंदणी क्रमांक असावा. त्यासाठीचा मसुदा येत्या 24 डिसेंबरपूर्वी हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध व्हावा, ही विनंती. तो मराठीतही निघावा, म्हणजे पेटीमागे बसलेल्या माणसालाही आपली सूचना त्यावर लिहून पाठवता येईल.

कळावे,
गाडीमालक आणि चावीवाले यांच्या वतीने